फळी मारलेली पट्टी

शिवऱ्यात कापूस पेरणार हे कानावर आलं तेव्हा गाव आधी पोटभर हसलं, आणि हसून झाल्यावर गावाला काळजी वाटू लागली. ज्यांचा त्या जमिनीशी काडीचा संबंध नव्हता त्यांना जरा जास्तच वाटू लागली. आपल्याकडं भात होतो, घेवडा होतो, भुईमूग होतो, हल्ली सोयाबीनही करतात. कापूस म्हणजे कुणाच्या तरी परसात वातींपुरतं एखादं झाड, एवढीच ओळख. आणि पेरायला निघालं कोण, तर सर्जेरावांची सून. सर्जेराव नव्हेत, त्यांचा मुलगा प्रशिक नव्हे, सून.

सारिका वर्ध्याकडची. नसरापूरजवळच्या एका कंपनीत कामाला आली, तिथंच प्रशिकची गाठ पडली आणि दोघांनी विहारात लग्न केलं. रागाच्या भरात तिच्या तोंडून अजून 'मले', 'तुले' निघून जायचं आणि आळीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. तिच्या बापाच्या रानात कापसाशिवाय दुसरं पीक तिनं फारसं बघितलंच नव्हतं.

जमीन म्हणजे रस्त्याकडची पट्टी. पुणे-सातारा रस्त्याला खेटून असलेली, लांबट, तांबूस काळ्या मातीची. वतनातली ती जमीन सोडवून नावावर करून घेताना सर्जेरावांच्या वडिलांनी भोरच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले होते की तिथल्या शिपायाला त्यांचं नाव पाठ झालं होतं. एवढं करून मिळालेली पट्टी तीन वर्षं पडीक होती, कारण तिच्यात काहीही पेरलं तरी ते रस्ता खाऊन टाकायचा. हरभरा लागला की गाड्या थांबायच्या. लोक उतरायचे, फोटो काढायचे, हातभर डहाळे उपटून चालू पडायचे. एकदा सर्जेरावांनी अशा एका गाडीला हटकलं, तर आतल्या बाईंनी काच खाली करून त्यांच्या हातावर बिस्किटांचा पुडा ठेवला. सर्जेराव तो पुडा धरून कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यानंतर त्यांनी पट्टीत पेरणीची पाभर घातली नाही.

शेजारीच अमृतशेठचा धाबा. त्याच्या गिऱ्हाइकांचे ट्रक रस्त्यावर उभे राहायचे आणि पोलीस येऊन हुसकून लावायचे. पट्टीवर मुरूम टाकून ट्रक लावायला जागा करू, महिन्याच्या महिन्याला भाडं देतो, असं तो दोन वर्षं मागं लागला होता. प्रशिकला ते पटत होतं. सर्जेरावांनाही हळूहळू पटायला लागलं होतं. फक्त एकदा मुरूम पडून त्यावर रोलर फिरला की ती जमीन राहत नाही, तो ओटा होतो, हे त्यांना ठाऊक होतं आणि म्हणून ते आज-उद्या करत होते.

"कापूस लावू," सारिका एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली. "कापूस कोण उपटून खाते?"

सासऱ्यांनी त्यावर चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर निकाल दिला.

"एक साल. दसऱ्याला पट्टीत पीक हुबं दिसलं, तर मुरमाचं नाव कुनी काढायचं न्हाई. न्हाई दिसलं, तर म्या सोता अमृतशेठला जाऊन सांगनार, वत मुरूम."

सारिकेला एवढंच हवं होतं. तिनं भावाकडून बियाणं मागवलं. भावानं नव्या सीलबंद पाकिटांबरोबर मागच्या सालची उरलेली खुली सरकीही प्रेमानं फुकट पाठवली. तिनं दोन्हींतली थोडी थोडी सरकी ओल्या गोणपाटात वेगवेगळी गुंडाळून चुलीमागं ठेवली. उलगडून पाहिलं तर पाकिटातल्या जवळजवळ सगळ्या दाण्यांना पांढरे मोड आले होते. खुल्या सरकीतले निम्मे दाणे फुगलेसुद्धा नव्हते, उरलेल्यांवर बुरशी चढली होती. तिनं ती सगळी खुली सरकी सरळ उकिरड्यावर टाकली. सासूबाई अक्काबाई दारातून बघत होत्या. बियाणं उकिरड्यावर टाकणारी सून त्यांनी पहिल्यांदाच बघितली, पण त्या काही बोलल्या नाहीत. कापसाच्या बाबतीत त्यांनी पहिल्यापासून तोंडाला कुलूपच लावलं होतं.

पेरणी यंत्र गावातल्या सोमनाथचं. ट्रॅक्टरही त्याचाच. पाऊस झाल्यावर त्यानं आधी भावकीचं पेरलं, मग मित्रांचं पेरलं, मग ज्यांच्याशी त्याचं पटत नव्हतं त्यांचंही पेरलं, आणि सगळ्यांचं उरकल्यावर पट्टीवर आला. अक्काबाईंनी चहाचा ग्लास पुढं केला तर "आत्ताच झाला" म्हणाला. ग्लास बांधावर निवत राहिला.

सारिकेनं यंत्राच्या डब्यात वाकून पाहिलं. तळाच्या चकतीला सोयाबीनच्या मापाची भोकं होती. त्यातून सरकी धड एकेक पडणार नाही, आणि ओळीही एवढ्या दाट नकोत, एकाआड एक नळी बंद करा, असं तिनं सांगितलं. सोमनाथनं तिच्याकडं न बघता प्रशिकला सांगितलं की वैनींना सांग, मशीन माझं हाय, मला कळतं. प्रशिकनं मान खाली घातली. सारिका म्हणाली, मशीन तुमचंच हाये भाऊजी, रान आमचं हाये. सोमनाथनं चकती बदलली खरी, पण असा काही चेहरा करून की जणू त्याचं जानवंच काढून घेतलं.

ट्रॅक्टर निघाला. सारिका मागून चालत होती. थोडं अंतर जाऊन ती खाली बसली आणि सरीत बोट घातलं. आख्खं बोट आत गेलं तरी बी हाताला लागेना. ती उठली, पळत पुढं गेली आणि ट्रॅक्टरच्या नाकासमोर उभी राहिली.

सोमनाथला ब्रेक मारावा लागला. रस्त्यावरच्या एका टेम्पोवाल्यानंही गाडी हळू केली. बी बोटाच्या दीड पेराच्या खाली जाता कामा नये, सरकीचा कोंब नाजूक असतो, तो एवढ्या खालून वर येत नाही, हे तिनं तिथंच उभं राहून सांगितलं. खोलीचं चाक वर घ्यायला एक पिन काढून वरच्या भोकात घालावी लागते. ती पिन गंजलीय, दिवाळीपर्यंत निघायची नाही, असं सोमनाथ म्हणाला. सारिकेनं त्याच्याच पेटीतला हातोडा उचलला. पाचसहा ठोके पिनेवर बसले, एक बोटांवर बसला. पिन निघाली. सोमनाथ सीटवरून न उतरता हसत होता आणि धाब्यावर बसलेले दोघे-तिघेही हसत होते. तिनं सोललेलं बोट तोंडात धरलं आणि प्रशिकला पिन वरच्या भोकात घालायला लावली. आधीच्या खोल गेलेल्या ओळी पुन्हा पेरून घेतल्या. त्या संध्याकाळी आळीत दुसरा विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीत तिची सकाळची पाळी होती. रात्री भुरभुर पाऊस येऊन गेला होता. दुपारनंतर ती शिवरे फाट्यावर रिक्षातून उतरली आणि चालत पट्टीजवळ आली, तर तिला आधी रान ओळखूच येईना. कालच्या ढेकळांचा मागमूस नव्हता. सगळी पट्टी सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत झाली होती. आणि तिच्यावरून सर्जेराव भावकीतली बैलजोडी हाकत येत होते. बैलांमागं लाकडाची जाड फळी होती आणि फळीवर वजनाला अक्काबाई उभ्या होत्या. कासोटा घातलेला, एका हातात फळीचा दोर, दुसरा हात वाऱ्यावर.

अक्काबाईंचं माहेर वेल्ह्यातलं पासली. तिथं खाचरात चिखल झाला की फळी फिरवतात, म्हणजे पाणी सगळीकडं सारखं बसतं आणि रोप सरळ लागतं. पोर असताना फळीवर वजनाला उभं राहणं हे त्यांचंच काम असे. आज कित्येक वर्षांनी त्या फळीवर चढल्या होत्या आणि तोल सांभाळत हसत होत्या. सारिका लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंना असं हसताना तिनं बघितलं नव्हतं.

"बग, कसं केलंय," त्या लांबूनच म्हणाल्या. "चिमनीला बी दाना घावायचा न्हाई."

सारिकेनं वाकून पट्टीच्या कडेची माती चिमटीत दाबून पाहिली. ओल्या मातीवर जड फळी. खाली सरकी. तिच्या बापानं हे बघितलं असतं तर बैल सोडून दिले असते. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ही बाई, जिनं पहिल्यापासून कापसाबद्दल बरं की वाईट एक अक्षर काढलं नव्हतं, ती कुणी न सांगता तिच्या कापसासाठी फळीवर चढली होती. सासरे घामानं निथळले होते आणि त्यांच्या तोंडावर समाधान होतं.

"छान झालं, आत्या," ती म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी एक जोराची सर आली आणि मग पावसानं डोळे वटारले. आभाळ धुतल्यासारखं निघालं. ऊन असं पडलं की दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, आणि वर वारा. पट्टीची गुळगुळीत माती आधी चकाकली, मग पांढुरकी झाली, मग तिच्यावर बोटानं वाजवलं तर वाजेल असा थर धरला.

सरकीनं डोकं वर काढायचे दिवस आले आणि गेले. सर्जेराव रोज सकाळी बांधावर उकिडवे बसून कोंब शोधायचे. एका कडेला, जिथं फळी पोचली नव्हती, तिथं चार रोपं आली होती. बाकी सगळी पट्टी टक्कल पडल्यासारखी. रस्त्यानं जाणारा ओळखीचा प्रत्येक माणूस गाडी हळू करून "काय, उगवला का कापूस?" असं विचारून जात होता. ज्यांना विचारायला जमलं नाही त्यांनी मोबाईलवर विचारलं.

बी बोगस निघालं, असं पहिल्यांदा सोमनाथ म्हणाला. ते सगळ्यांना एकदम पटलं, कारण बोगस बियाण्याचा फटका गावात कुणाला बसला नव्हता असं नव्हतंच. पंचायतीतले सावळाराम लगेच कामाला लागले. तक्रार करू, साहेब येऊन पंचनामा करतील, भरपाई मिळेल. सर्जेरावांनी फक्त सही करायची. त्यात कुणाचंच काही जात नव्हतं. सर्जेरावांची अब्रू राहत होती, सोमनाथचं मशीन चांगलं ठरत होतं, आणि पंचनाम्याचे फोटो निघाले की दुसऱ्या दिवशी अमृतशेठचा मुरूम पडायला मोकळा. कुठल्या तरी लांबच्या बियाणेवाल्याच्या नावानं खडे फोडायचे, एवढंच.

सारिकेनं मात्र शंका आली त्याच दिवशी पाकिटात उरलेल्या सरकीतली मूठभर पुन्हा ओल्या गोणपाटात गुंडाळली होती. आणि पाळीवरून आली की खुरपं घेऊन पट्टीत उकरायला बसत होती. वरचा थर खुरप्याच्या टोकानं उचलला की तो सबंध खापरीसारखा वर यायचा. खाली पांढरे कोंब होते. काही मान मोडून पडलेले, काही आडवे पसरलेले, पण बरेच अजून जिवंत, पाठ वाकवून वरच्या थराला ढकलत असलेले. एक कोंब तिनं मोकळा केला तर संध्याकाळपर्यंत त्यानं मान सरळ केली होती. तिला रडू आलं. रडण्यापेक्षा स्वतःचा रागच जास्त आला. फळीवरच्या बाईला तेव्हाच खाली उतरवलं असतं तर ही पाळी आली नसती.

रविवारी संध्याकाळी अंगणात बैठक बसली. सावळाराम होते, सोमनाथ होता, आणि सर्जेरावांनी स्वतः बोलावलं म्हणून अमृतशेठही होता. कागद तयार होता. सावळाराम समजावून सांगत होते की उद्या सकाळी आधी फोटो काढू, मग मुरूम टाकायला हरकत नाही. सर्जेराव मान डोलवत होते. त्यांचा चेहरा ज्यानं हिशेब मिटवायला घेतलाय अशा माणसाचा होता. प्रशिक भिंतीला टेकून मोबाईल चाळत होता, पण त्यातलं त्याला काही दिसत नसावं.

सारिका आतून गोणपाटाची वळकटी घेऊन आली. बायकांनी बैठकीत यायची पद्धत नव्हती, म्हणून बोलणं थांबलं. तिनं ती सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर उलगडली. ओल्या तागावर सरकीचे मोड पांढरेधोट पडले होते, बोटाबोटाएवढे.

"हे त्याच पाकिटातलं हाये," ती म्हणाली. "बी बोगस नाही."

सोमनाथ एकदम ताठ झाला. "म्हंजी मशीनवर ढकलायचं म्हनता व्हय?"

"मशीन बरोबर होतं. पिन वर घेतल्यावर बी दीड पेरावरच पडलं. मी उकरून पाहिलं, भाऊजी."

सोमनाथ भांडायच्या तयारीत आला होता. आपल्यावरचा आरोप असा न मागता उठलेला बघून त्याला काय करावं तेच समजेना. तो उगाच मिशीवर हात फिरवत राहिला. मग कशानं गेलं, असं सावळारामांनी विचारलं.

सारिकेनं दाराकडं पाहिलं. उंबऱ्याच्या आत अक्काबाई उभ्या होत्या. आता थांबलं तर पुन्हा 'छान झालं' म्हटल्यासारखंच होईल, हे तिला कळत होतं.

"वल्ल्या मातीवर फळी फिरवली. वरून ऊन पडलं. माती घट बसली. बी खाली जित्तं हाये, त्याले वर येता येत नाही." तिनं दाराकडंच बघत पुढं सांगितलं. "मी पाहिलं होतं. तेव्हाच बोलायले पाहिजे होतं. बोलली नाही. उद्या तो थर फोडला तर निम्मं तरी वर येईल."

सर्जेरावांच्या मानेची शीर उडत होती.

"जल्म गेला माजा शेतीत," ते म्हणाले. "फळीनं कवा पीक मेलं न्हाई."

"भाताचं नाही मरत, मामा."

सोमनाथला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं, पण सर्जेरावांना ते ऐकू गेलं. तेवढंच पुरे झालं. त्यांनी कागदावर सही केली नाही, पण अमृतशेठकडं वळून ते म्हणाले, सकाळी मुरूम आन. आणि उठून बाहेर निघून गेले.

त्या रात्री घरात जेवणं झाली एवढंच. अक्काबाईंनी सगळ्यांना वाढलं, सारिकेलाही वाढलं, भाजी हवी का हे मात्र विचारलं नाही. हात धुताना प्रशिक हळूच म्हणाला की घरात सांगायचंस ना, चारचौघांत म्हाताऱ्यांची शोभा कशाला केलीस. सारिका म्हणाली, घरात सांगितलं असतं तर ते घरातच राहिलं असतं आणि कागदावर सही झाली असती. आईची माफी माग, असं तो म्हणाला. फळीच्या दिवशी गप्प बसली त्याची मागीन, खरं बोलली त्याची नाही मागणार, असं ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

सकाळी तिनं पाळी बुडवली. ओढ्याकाठच्या बोरीच्या दोन मोठ्या काटेरी फांद्या कोयत्यानं तोडल्या, बुंधे एकत्र बांधले, त्यावर ओलं लाकूड आवळलं आणि दोर कमरेला घेतला. तिच्या बापाकडं पेरणीनंतर माती अशी धरली की हेच करत. काट्यांनी वरचा थर ओरबाडला जातो, खालच्या कोंबाला फारसा धक्का लागत नाही. दिसायला सोपं, ओढायला नाही. पहिल्याच फेरीत दोर कमरेत रुतला. दुसऱ्या फेरीत उजव्या पोटरीत काटा मोडला. पण मागं वळून पाहिलं तर पांढुरका थर भाजलेल्या पापडासारखा तुटत होता आणि खालून काळी माती दिसत होती. ती ओढत राहिली.

तिनं चौथी फेरी सुरू केली तेव्हा डंपर आला. पप्पू नावाचा ड्रायव्हर होता. मागून अमृतशेठ मोटारसायकलवर. डंपर वळला आणि पिंपिं करत मागं मागं पट्टीच्या तोंडाशी आला. सारिकेनं तिकडं बघितलं आणि फेरीची दिशा बदलली. आता ती बरोबर डंपरच्या मागून, पट्टीच्या तोंडावरूनच ओढू लागली. पप्पूनं आरशात पाहिलं, गाडी बंद केली आणि खाली उतरून तंबाखू मळायला लागला. बाई बाजूला झाल्याशिवाय मी ओतणार नाही, असं त्यानं शेठला सांगितलं. अमृतशेठनं आधी तिला समजावलं, मग दरडावलं. ती थांबली नाही. तेव्हा त्यानं सर्जेरावांना फोन लावला.

आधी आल्या त्या अक्काबाई. त्यांच्या खांद्यावर बोरीची फांदी होती आणि हातात गोठ्यातलं दावं. धाब्यावरची माणसं चहाचे कप घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली होती. अक्काबाई त्यांच्यामधून आल्या, डंपरला वळसा घालून पट्टीत उतरल्या, फांदी खाली टाकली आणि दावं कमरेला बांधायला लागल्या. अमृतशेठ म्हणाला, आक्के, तू तरी सुनंला सांग.

"काय सांगू?" अक्काबाई गाठ आवळत म्हणाल्या. त्यांचा आवाज धाब्यापर्यंत जात होता. "खरं हाय ती म्हनती त्ये. फळीवर म्या हुबी व्हते. माजं वजन पडलंय त्या बियावर. आता म्याच त्ये मोकळं करनार. तुला मुरूम वतायचा आसंल तर आमचं व्हईस्तवर थांब. आन आमचं दसऱ्याला व्हनार हाय."

पप्पू हसला आणि शेठचं तोंड बघून लगेच गप्प बसला. सारिका दोर धरून उभी होती. काल आपण जे चार माणसांत बोललो त्यानं ही बाई रात्रभर जळली असणार, हे तिला ठाऊक होतं. तेच तिनं आता चाळीस माणसांत स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. सारिकेला काहीतरी बोलायचं होतं. पण अक्काबाई ओढायला लागल्या होत्या, त्यामुळं तीही ओढायला लागली.

सर्जेराव आले ते चालत, सावकाश. मागं प्रशिक. कंपनीचे कपडे अंगावर, पण कंपनीची गाडी त्यानं जाऊ दिली होती. त्यानं वडिलांकडं पाहिलं, मग आईकडं, आणि बूट काढून पट्टीत उतरला. आईच्या कमरेचं दावं सोडवून घ्यायला गेला तर आई देईना. मग तो आणखी फांद्या तोडायला ओढ्याकडं पळाला.

सर्जेराव डंपरजवळ उभे राहिले. अमृतशेठनं काही आवाज चढवला नाही. तो शांतपणे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"दादा, काल चारचौघांत शबूद दिला व्हता तुमी."

"व्हय, दिला व्हता."

"मंग?"

सर्जेरावांनी पट्टीकडं पाहिलं. त्यांची बायको कमरेत वाकून काटे ओढत होती. पदर डोक्यावरून घसरला होता.

"त्याच्या आदी सुनंला दिला व्हता," ते म्हणाले. "दसऱ्यापतूर. त्यो काल म्या मोडला. आता ह्यो मोडतो."

"मंग तुमच्या शबदाला किंमत काय ऱ्हायली, दादा?"

"जी ऱ्हाईल ती ऱ्हाईल. डंपर काड."

गावात आता हे सांगत फिरायला आपल्याला एक गोष्ट मिळाली, हे अमृतशेठच्या तोंडावर दिसत होतं, आणि सर्जेरावांनाही ते दिसत होतं. पण ते हलले नाहीत. शेवटी पप्पूनंच तंबाखू झटकली आणि गाडी सुरू केली. डंपर गेला. सर्जेरावांनी धोतराचा सोगा खोचला, अक्काबाईंच्या कमरेचं दावं सोडलं आणि स्वतःच्या कमरेला बांधलं. या वेळी अक्काबाईंनी ते दिलं.

दुपार टळून गेली तेव्हा सगळी पट्टी ओरबाडून झाली होती. चौघांच्याही पायांवर ओरखडे होते आणि अक्काबाईंना बसलं की उठता येत नव्हतं. संध्याकाळी घागरींनी पाणी आणून ओळींवर शिंपडलं. सासरे सुनेशी बोलत नव्हते. पाणी इकडं आन, घागर तिकडं ठेव, एवढंही ते प्रशिकमार्फतच सांगत होते.

दोन दिवसांनी दोनदोन पानं वर आली. सगळीकडं नाही. काही ओळी भरून आल्या, काहींत मोठमोठी खिंडारं पडली. निम्मं म्हणाली होती, निम्म्याहून थोडं जास्तच आलं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या पुन्हा हळू होऊ लागल्या, आणि काही ओळखीच्या माणसांना आता काय विचारावं ते सुचत नव्हतं.

रिकाम्या जागी हातानं बी टोकायला चौघंही उतरले. धाब्यावर गर्दी होती. सोमनाथही ट्रॅक्टर लावून तिथंच चहा पीत होता. सारिका एका ओळीत वाकली होती. पलीकडच्या ओळीत सर्जेराव येऊन बसले. त्यांच्या मुठीत सरकी होती.

"किती खोल?" त्यांनी विचारलं. प्रशिकला नाही, तिला.

"दीड पेर. तुमचं बोट मोठं हाये, मामा. तुमचं एकच पेर पुरे."

त्यांनी बोट घातलं, दाणा सोडला, माती लोटली. आणि मग, जन्मभर भाताच्या रानात वागवलेला तो रुंद तळहात त्यांनी सवयीनं मातीवर ठेवला आणि सगळ्या जोरानं दाबायला लागले.

रस्त्यावर माणसं होती. धाब्यावर माणसं होती. सोमनाथ बघत होता.

"मामा," सारिका सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "दाबू नका."

सर्जेरावांनी हात उचलला.